घराघरात एकच पत्ता : १९२.१६८.१.१

बेंगळुरूत पावसाची सर आली की वीज जाते. ती परत येते, पण नेट येतंच असं नाही. मग शेजारच्या बाल्कनीतून प्रश्न येतो, "तुमचं चालू आहे का?" आणि आपण राऊटर बंद-चालू करत बसतो. खरं तर बिघाड कुठे आहे, हे पाच मिनिटांत तुमचं तुम्हालाच कळू शकतं.

घरात फायबरची बारीक वायर ज्या डब्यात शिरते, तो ओएनटी. तो प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतो. राऊटरचं काम वेगळं : घरातलं जाळं आणि बाहेरचं जाळं यांना जोडायचं आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आयपी अॅड्रेस द्यायचा. हल्ली बहुतेक घरांत ही दोन्ही कामं एकच डबा करतो, म्हणून गोंधळ होतो. (स्विच घरी क्वचितच लागतो. एकाच जाळ्यातली बरीच यंत्रं वायरने जोडायची असतील तेव्हा तो उपयोगी.)

आता लॅपटॉपचा पत्ता बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा राऊटरपर्यंत सगळं ठीक आहे. १६९.२५४ दिसलं, तर राऊटरने पत्ता दिलेलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक लावून घेतलाय. अशा वेळी राऊटर बंद-चालू करून बघा. पण ओएनटीवर एलओएसचा दिवा लाल असेल, तर प्रकाशच पोहोचत नाहीये. डबा कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग नाही. सरळ कंपनीला फोन लावा.

गंमत म्हणजे तुमचा १९२.१६८.१.५ शेजाऱ्यांकडेही असू शकतो. प्रत्येक बिल्डिंगमध्ये फ्लॅट नंबर १०१ असतो, तसंच हे. बाहेरच्या जगाला दिसतो तो वेगळा, सार्वजनिक पत्ता. जुन्या पद्धतीचे, म्हणजे ३२ बिटांचे पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी. माणसांपेक्षाही कमी! एप्रिल २०११ मध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा इतका आटला की उरलेले पत्ते रेशनसारखे वाटावे लागले. म्हणून आता १२८ बिटांचा आयपीव्ही६. मोबाईल डेटावर अक्षरं आणि विसर्गासारखी टिंबं असलेला लांबलचक पत्ता दिसला, तर तो हाच.

याच शहरात १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने केंद्र उघडलं, तेव्हा त्यांच्या उपग्रह-संपर्काची सामग्री बैलगाडीतून आली होती. आज ते काम तुमच्या टीव्हीमागच्या धूळ खाणाऱ्या डब्यावर आलंय, आणि त्याचा पासवर्ड बऱ्याच घरांत अजून 'अॅडमिन'च आहे! वाय-फायचा नव्हे, डब्याच्या सेटिंगचा. कुणी आत शिरून डीएनएस बदललं, तर बँकेचा बरोबर पत्ता टाइप करूनही तुम्ही भलत्याच पानावर पोहोचू शकता. राऊटर उलटा करा, मागच्या स्टिकरवर बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच एखादा पत्ता असेल. तो ब्राउझरमध्ये टाका आणि पासवर्ड आजच बदला. नवा पासवर्ड वहीत लिहा, स्टिकरवर नको.