दूरप्रवासाची मोटारसायकल, लेखांक ७ : काळ्या मातीच्या रस्त्यावरील चेन

मोटारसायकलसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतील देखभालीचे वेळापत्रक सर्वसाधारण रस्ता व हवामान गृहीत धरून आखलेले असते, आणि धुळीच्या किंवा चिखलाच्या भागात ही अंतरे कमी करावीत, अशी सूचना बहुतेक पुस्तिकांत बारीक अक्षरांत दिलेली असते. बारामती-इंदापूर पट्ट्यात ही सूचनाच मुख्य नियम मानावी लागते. गाळप हंगामात बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकीमार्गे इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. त्यांच्या चाकांना चिकटून शेतातली काळी माती डांबरावर येते, वाळते आणि मागून येणाऱ्या वाहनांखाली तिची बारीक धूळ होते.

या धुळीचा पहिला मार चेनला बसतो. बारामतीच्याच औद्योगिक वसाहतीत पिआजिओच्या कारखान्यात तयार होणाऱ्या व्हेस्पा स्कूटरमध्ये शक्ती बंद पेटीतल्या पट्ट्यामार्फत चाकाकडे जाते, तर तेथेच बनणाऱ्या एप्रिलिया आरएस ४५७ या मोटारसायकलची चेन, बहुतेक प्रवासी गाड्यांप्रमाणे, उघडी असते. अशा चेनच्या प्रत्येक सांध्यात पिन व तिच्याभोवतीची नळी यांच्यामध्ये ग्रीस कारखान्यातच भरलेले असते, आणि ते बाहेर पडू नये म्हणून कड्यांच्या दरम्यान ओ-रिंग नावाची रबरी चकती बसवलेली असते. वरून लावलेले वंगण या आतल्या ग्रीसपर्यंत पोहोचत नाही. त्याचे काम रबर मऊ ठेवणे, गंज रोखणे आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, दातांवरील घर्षण कमी करणे एवढेच असते. म्हणूनच तारेचा ब्रश, पेट्रोल आणि वॉशिंग सेंटरवरील जोरदार फवारा हे तिन्ही चेनला घातक ठरतात, कारण ओ-रिंग एकदा खराब झाली की आतले ग्रीस जाते व त्या जागी माती शिरते. रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश व कोरडे फडके एवढे साहित्य पुरते. हे काम इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवतच करावे. गिअर टाकून चाक फिरते ठेवल्याने बोटे गमावण्याचे अपघात होतात. त्यानंतर चेन स्प्रे किंवा ९० क्रमांकाचे गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने लावून जास्तीचे पुसून घ्यावे. गॅरेजमध्ये इंजिनातून काढलेले काळे ऑइल चेनला लावण्याची पद्धत मात्र सोडून द्यायला हवी, कारण त्यात धातूचे सूक्ष्म कण असतात. वंगणासाठी एरवी सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर सांगितले जाते. गाळपाच्या दिवसांत ते निम्म्यावर आणणे आणि पावसात भिजलेल्या प्रत्येक दिवसानंतर चेन पुसून वंगण लावणे योग्य ठरते.

चेनचा सैलपणा खालच्या बाजूस, दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध बोटाने वर-खाली करून मोजतात. अनेक गाड्यांत तो २० ते ३० मिलिमीटर असतो, परंतु लांब सस्पेन्शनच्या गाड्यांत अधिक असल्याने त्या-त्या मॉडेलचाच आकडा प्रमाण मानावा. चेन सर्वत्र सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत ती जिथे सर्वांत ताणलेली आढळेल तिथले माप धरावे. सैल चेनपेक्षा घट्ट चेनचे नुकसान अनेकदा मोठे असते, कारण सामान व मागच्या प्रवाशाच्या वजनाने सस्पेन्शन दबले की ती आणखी ताणली जाते आणि तो भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर पडतो.

हीच धूळ एअर फिल्टरमध्येही साठते आणि गाडीचा जोर व मायलेज दोन्ही घटतात. तेल लावलेला कागदी फिल्टर हवेच्या झोताने साफ होत नाही, तो बदलावाच लागतो.

साखर कारखान्यांच्या या प्रदेशात उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमधून प्रत्येक टाकीत येते. इथेनॉल पाणी शोषून घेते व पाण्याचे प्रमाण वाढले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. इंधनपंप तळातूनच ओढत असल्याने पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी पुढे सुरू होण्यास त्रास देऊ शकते.

गाडी सुरू होत नसेल तर प्रथम किल स्विच, साइड स्टँड आणि न्यूट्रल पाहावे. स्टार्टर नुसता टिकटिकत असेल तर संशय बॅटरीवर जातो: विश्रांतीत पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो, आणि इंजिन चालू असताना तो १३.५ ते १४.५ पर्यंत चढत नसेल तर दोष चार्जिंगच्या यंत्रणेत असतो. इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवताच इंधनपंपाची क्षणभराची गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर फ्यूज तपासावा. नवा फ्यूजही लगेच उडाला तर जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार लावू नये, त्याऐवजी नंतर बसवलेल्या जादा दिव्यांची व मोबाइल चार्जरची वायर सोडवून पाहावी, कारण प्रवासी गाड्यांत शॉर्ट सर्किट बहुधा तिथेच सापडते.