गुबगुबीत म्हणजे सुदृढ नव्हे

बडोद्यात दांडिया बाजारच्या जुन्या वस्तीत मांजरं गच्च्यांवरून हिंडतात. अलकापुरीच्या फ्लॅटमधलं मांजर मात्र दिवसभर सोफ्यावर, आणि वाटी कायम भरलेली. घरगुती मांजराचं वजन साधारण ४ ते ५ किलो. योग्य वजनापेक्षा २० टक्के जास्त म्हणजे लठ्ठपणाच, आणि मग मधुमेह, सांधेदुखी मागे लागते. ‘पर्शियन आहे, केसांमुळे जाड दिसतं’ म्हणाल, तर बरगड्या चाचपा. हलक्या हाताला त्या लागायलाच हव्यात. नसबंदीनंतर वजन वाढतं हे खरं, पण भूक वाढते आणि ऊर्जेची गरज घटते म्हणून; तेव्हा खाणं मोजूनच द्यावं. उपाशी मात्र कधीच ठेवू नका! लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. पशुवैद्यांच्या सल्ल्याने आठवड्याला १ टक्का वजन उतरलं तरी पुष्कळ.