वैरातून प्रेमाकडे: दोन अद्भुतरम्य कादंबऱ्या

अद्भुतरम्य विश्वात घडणाऱ्या, पण प्रेमकथेलाच कथानकाचा कणा मानणाऱ्या कादंबऱ्यांना अलीकडे 'रोमँटसी' म्हटले जाते, आणि 'आधी वैर, मग प्रेम' हा त्यांतील सर्वांत लाडका साचा आहे. हॉली ब्लॅक यांच्या 'द क्रूएल प्रिन्स'मध्ये (२०१८) हे वैर खरोखर बोचते. नायिका ज्यूडच्या आईवडिलांना ठार मारणारा सेनानी मॅडॉकच तिला परीलोकात वाढवतो, तेथील अन्नाची भुरळ पडू नये म्हणून तिला मीठ जवळ बाळगावे लागते, आणि पऱ्यांना खोटे बोलता येत नसल्यामुळे खोटे बोलण्याची मानवी क्षमता हेच तिचे शस्त्र ठरते. नियम एकच, पण सारे राजकारण त्यावर उभे राहते, आणि राजपुत्र कार्डनविषयीची ओढ या डावपेचांतूनच उमलत जाते.

रिबेका यारोस यांच्या 'फोर्थ विंग'मध्ये (२०२३) मात्र नायिका व्हायोलेटला नायक झेडनविषयी वाटणारे आकर्षण इतक्या लवकर उघड होते की वैर नावापुरतेच उरते. तरीही अरुंद दगडी कठड्यावरून चालताना भीती आवरण्यासाठी व्हायोलेट भूगोल-इतिहास पुटपुटते, तो प्रसंग कथाविश्वाची माहिती विनासायास पोहोचवतो, आणि सहज निखळणाऱ्या सांध्यांमुळे ड्रॅगनवर टिकण्यासाठी तिला लागणारे खोगीर हा तपशील तर अस्सलच. प्रौढांसाठी लिहिलेली ही कादंबरी, केवळ ड्रॅगन आहेत म्हणून, किशोरांच्या हाती देणे मात्र उचित नव्हे.