नाव शेवटी लिहायचं

काचपट्टीवर पाण्याचा छोटा थेंब घ्यायचा. ज्योतीत लालबुंद करून थंड केलेल्या वायर लूपने अगारवर वाढलेल्या जिवाणूंच्या कॉलनीचा टाचणीच्या टोकाएवढा अंश उचलून त्यात मिसळायचा आणि गोल फिरवत पसरायचा. लेप हवेत सुकला की काचपट्टी बर्नरच्या ज्योतीवरून दोन-तीनदा झटकन न्यायची, म्हणजे जिवाणू काचेला चिकटतात. हा लेप, म्हणजे स्मिअर, इतका पातळ हवा की काचपट्टी छापील कागदावर धरली तर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताना माझा सर्वांत जास्त वेळ या लेपावर जातो. लेप जाड झाला तर त्यात रंग अडकून बसतो आणि पुढचं सगळं खोटं दिसतं.

त्यानंतर ग्रॅम स्टेनिंग. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाण्याने धुणं, आयोडीन एक मिनिट, पुन्हा धुणं. इथपर्यंत काचपट्टीवरचे सगळे जिवाणू जांभळेच असतात. खरी परीक्षा अल्कोहोलची. काचपट्टी तिरकी धरून थेंब थेंब अल्कोहोल सोडायचं आणि ओघळातला जांभळा रंग थांबला की त्या क्षणी पाणी ओतायचं. काही सेकंद जास्त झाले तर ज्यांनी रंग धरून ठेवायला हवा तेही तो सोडून देतात. कमी पडले तर ज्यांनी सोडायला हवा तेही जांभळे राहतात. शेवटी सॅफ्रनिन. रंग गमावलेले जिवाणू त्याने गुलाबी होतात.

हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली बर्लिनमध्ये ही पद्धत शोधली. फुफ्फुसाच्या ऊतीत लपलेले जिवाणू नीट दिसावेत, एवढाच त्याचा हेतू होता. आपण जिवाणूंचे दोन मोठे गट पाडतो आहोत, हे त्याच्या मनातही नव्हतं. काही जिवाणू रंग धरतात आणि काही सोडतात, याचं कारण पुढे कळलं आणि ते पेशीभित्तिकेत होतं. जांभळ्या राहणाऱ्या, म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह, जिवाणूंची भित्तिका पेप्टिडोग्लायकनच्या जाड थराची असते. अल्कोहोलने ती आकसते आणि रंग व आयोडीनचं संयुग आत कोंडलं जातं. गुलाबी होणाऱ्या ग्रॅम निगेटिव्हमध्ये हा थर पातळ असतो आणि त्याच्या बाहेर स्निग्ध पदार्थांचं आणखी एक पटल असतं. अल्कोहोल ते पटल उधळतं आणि रंग वाहून जातो.

ही भित्तिका रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचते. व्हॅन्कोमायसिनचा रेणू मोठा असतो. ग्रॅम निगेटिव्हच्या बाहेरच्या पटलातून तो आत शिरत नाही, म्हणून तिथे ते औषध निरुपयोगी ठरतं. कल्चरचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात. तोवर डॉक्टरच्या हाती असतो तो काही मिनिटांत तयार झालेला हा रंग. म्हणून अल्कोहोलच्या त्या सेकंदांबद्दल मी इतकी आग्रही असते.

स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून शंभरचं ऑब्जेक्टिव्ह फिरवलं की हजारपट मोठं चित्र दिसतं. जांभळे गोल ठिपके, घोसाघोसाने. हमखास कुणीतरी ओरडतं, “मॅडम, स्टॅफिलोकॉकस!” मी म्हणते, “जांभळे, गोल, घोसात. सध्या एवढंच लिही.”

मुलांना हे जाचक वाटतं, पण कारण साधं आहे. जिवाणूंना आकार मोजकेच: गोल, दांडा, स्वल्पविराम, मळसूत्र. १८७२ साली फर्डिनांड कोनने आकारावरूनच जिवाणूंची वर्गवारी मांडली. त्या काळी दुसरा आधार फारसा नव्हता. पण एकसारखे दिसणारे दोन दांडे एकमेकांपासून कमालीचे दूरचे असू शकतात. म्हणून दिसणं संपतं तिथे विचारणं सुरू होतं. तू काय खातोस, काय आंबवतोस, काय सोडतोस?

पहिला प्रश्न कॅटॅलेजचा. कॉलनीचा अंश काचपट्टीवर घेऊन त्यावर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. स्टॅफिलोकॉकस असेल तर लगेच फेस येतो. स्ट्रेप्टोकॉकस असेल तर काहीच होत नाही. इथे निक्रोमचा लूप वापरायचा नाही, कारण त्या धातूमुळेही बुडबुडे येऊ शकतात. लाकडी काडी घ्यायची. पुढचा प्रश्न कोअ‍ॅग्युलेजचा. प्लाझ्माची गुठळी झाली तर रोख स्टॅफिलोकॉकस ऑरियसकडे जातो.

गुलाबी दांडे मिळाले तर वाट वेगळी. मॅकॉन्की अगारवर लॅक्टोज आंबवणाऱ्या जिवाणूंच्या कॉलनी गुलाबी येतात. साल्मोनेलाच्या रंगहीन राहतात. इंडोल चाचणीच्या नळीत कोव्हॅक्स अभिकर्मकाचे थेंब सोडले आणि वर लालचुटुक कडं धरलं, की ई. कोलायची शक्यता बळावते. मग मिथाइल रेड, व्ही.पी., सायट्रेट. एकटी कुठलीच चाचणी नाव सांगत नाही. नाव सांगतो तो सगळ्या उत्तरांचा मेळ.

आणि काही जण या प्रश्नपत्रिकेत बसतच नाहीत. क्षयाच्या जिवाणूच्या भित्तिकेत मेणासारखे पदार्थ असल्याने ग्रॅमचे रंग त्यावर नीट चढत नाहीत. त्यासाठी झील-नील्सनची रीत लागते, तिथे निळ्या पार्श्वभूमीवर तो लाल दिसतो. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नाही. भित्तिका बांधण्याचं काम अडवणारं पेनिसिलिन त्याचं काही बिघडवू शकत नाही.

१९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी प्रश्नच बदलला. प्रत्येक पेशीत प्रथिनं घडवणारे रायबोसोम असतात. त्यांच्यातल्या आर.एन.ए.ची अक्षरं त्यांनी ताडून पाहिली आणि जिवाणूंमध्ये गणला गेलेला एक अख्खा समूह वेगळाच निघाला. तो म्हणजे आर्किया. पुढे सजीवांचे तीन मोठे विभाग मानले गेले: बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया. यीस्ट, अमीबा आणि आपण तिसऱ्यात बसतो.

महाराष्ट्राला याची झलक जून २०२० मध्ये मिळाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीतून हा रंग हॅलोआर्कियाचा असल्याचं पुढे आलं. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले की हे मीठप्रिय जीव फोफावतात आणि त्यांच्यातलं रंगद्रव्य पाण्याला रंग देतं. यांच्यातल्या कित्येकांना ग्रॅम स्टेन केला तर गुलाबी दिसतात, ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंसारखेच. पण त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसतं. वंशावळीने ते बॅक्टेरियापेक्षा आपल्याला जवळचे मानले जातात.

त्याच वर्षी आणखी एक उलथापालथ झाली. दह्यामुळे ओळखीचा झालेला लॅक्टोबॅसिलस हा वंश, जनुकसंचांच्या तुलनेवरून, पंचवीस वंशांत विभागला गेला. कित्येक जातींची नावं बदलली, पाठ्यपुस्तकातले तक्ते जुने झाले. ज्यांनी वहीत फक्त नाव लिहून ठेवलं होतं, त्यांच्या हाती जुनं नाव उरलं. ज्यांनी ‘जांभळे दांडे, साखळीत, कॅटॅलेज निगेटिव्ह, अमुक साखर आंबवतात’ असं लिहिलं होतं, त्यांची नोंद आजही तितकीच खरी आहे.

म्हणून माझ्या मुलांच्या जर्नलमध्ये निरीक्षणाचा रकाना मोठा असतो आणि निष्कर्षाची ओळ एकच. निरीक्षण भरल्याशिवाय त्या ओळीवर मी सही करत नाही. वर्गीकरण ही माणसाची मांडणी आहे आणि नवा पुरावा आला की ती बदललीच पाहिजे. पण ती बदलायची तर आधीच्या माणसाने काय पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलं लागतं. हे काम पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही पूर्ण योग्यतेने करू शकतो, आणि ते त्याने पहिल्या दिवसापासून करावं.