मंदीत तारते ती नवी कल्पना

भिलाईतल्या एखाद्या वस्तीत मंदीची पहिली चाहूल लागते ती किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत. कारखान्यातला ओव्हरटाइम बंद होतो, ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांचे दिवस कमी भरतात. मग मुलीची ट्यूशन, घराचा रंग, दिवाळीची खरेदी एकेक करून पुढे ढकलली जाते. म्हणूनच कंपन्या मंदीला कसं तोंड देतात, हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचतो.

कंपन्यांचा पहिला उपाय ठरलेला असतो, काटकसर. भरती थांबते, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना येतात. त्याने आजचा दिवस निभावतो. पण मागणीच आटलेली असताना जुनाच माल स्वस्तात बनवून किती काळ तग धरणार? ज्या कंपन्या सावरल्या, त्यांनी काटकसरीसोबत ग्राहकाची एखादी जुनी अडचण सोडवली.

भिलाईचा लांब रूळ

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. रेल्वेला रूळ पुरवणं ही या कारखान्याची ओळख. 2015 च्या सुमारास चीनचं स्वस्त पोलाद जगभर ओतलं गेलं, भाव कोसळले आणि 2015-16 या एका वर्षात भिलाईची मालक कंपनी ‘सेल’ला 4 हजार कोटींहून अधिक तोटा झाला.

नेमक्या याच पडत्या काळात भिलाईत नवी रेल मिल सुरू झाली. तिथे 130 मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होऊ लागला. यात विशेष काय? 260 मीटरची पट्टी जुन्या 13 मीटरच्या रुळांपासून बनवायची तर 19 ठिकाणी वेल्डिंग करावं लागतं. 130 मीटरचे दोन रूळ घेतले तर एकच जोड पुरतो. जोड म्हणजे रुळाची कमकुवत जागा. जोड कमी तितका धोका कमी, देखभालही कमी.

मिलची आखणी मंदीच्या आधीच झाली होती. तोटा दिसत असतानाही ते काम अर्धवट सोडलं नाही, हे महत्त्वाचं. ‘सेल’ 2018-19 मध्ये पुन्हा नफ्यात आली. त्यात आयातीवरच्या निर्बंधांचा आणि सुधारलेल्या भावांचाही वाटा होता, हे मान्य करायला हवं.

पुण्याचा ‘छोटा हाथी’

दुसरं उदाहरण पुण्याचं. 2000-01 मध्ये ट्रकची मागणी घसरली आणि टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, 500 कोटींच्या तोट्यात गेली. खर्चाला कात्री लागलीच, पण त्याचबरोबर गिरीश वाघ या तरुण अभियंत्याच्या हाती एका छोट्या मालवाहू गाडीचं काम सोपवलं गेलं.

त्यांच्या चमूने आधी तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांना गाठून विचारलं, तुम्हाला काय हवं? कमी खर्च आणि सुरक्षितता तर हवीच होती. पण चारचाकी असेल तर समाजात मान मिळतो, लग्नही लवकर जमतं, असंही उत्तर आलं! 2005 मध्ये दोन सिलिंडरच्या छोट्या डिझेल इंजिनाची ‘टाटा एस’ बाजारात आली. आज भाजी मंडईपासून सिलिंडरच्या गोदामापर्यंत उभा दिसणारा ‘छोटा हाथी’ तो हाच. त्यावर कितीतरी तरुणांनी स्वतःचा धंदा उभा केला.

घरच्या उद्योगासाठी धडा

घरगुती डबे, शिवणकाम, पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींनाही यातून शिकण्यासारखं आहे.

• गिऱ्हाईक कमी झालं की लगेच भाव पाडू नका. जुन्या चार गिऱ्हाइकांना त्यांची अडचण विचारा. पूर्ण डबा परवडत नसेल, तर फक्त पोळी-भाजी चालेल का?

• नवा प्रयोग छोटा ठेवा. कर्ज काढून मोठी उडी मारण्यापेक्षा आठवडाभर करून पाहा.

• कमाई बरी असते तेव्हाच थोडे पैसे नवीन काही शिकण्यासाठी बाजूला काढा. हात रिकामे झाल्यावर शिकायला बळ उरत नाही.

• घरच्यांपासून तंगी लपवू नका. कधी कधी चांगली कल्पना सासूबाईंकडून किंवा कॉलेजला जाणाऱ्या मुलाकडूनही मिळते.

मंदी कुणाला विचारून येत नाही. ती आली की खर्चाची वही जरूर उघडा, पण शेजारी एक कोरं पान नव्या कल्पनांसाठीही ठेवा.