महामार्ग रुंद होताना – भाग ६ : एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी

चौपदरी रस्ता सहापदरी करायचा की नाही, हे शेवटी एका आकड्यावर येऊन ठरते : दिवसाला त्या रस्त्यावरून वाहतूक किती? आकडा साधा वाटतो, पण तो तयार होताना बरेच काही आत येते आणि बरेच बाहेर राहते. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीकडे टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेला ट्रॅक्टर, मुंबईहून धुळ्याकडे जाणारा कंटेनर, नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराची दुचाकी आणि शिर्डीला निघालेली मोटार ही नुसती ‘चार वाहने’ म्हणून मोजली, तर त्यावरून रुंदी ठरवता येत नाही. या भागात राष्ट्रीय महामार्ग कायद्यातले भूसंपादनाचे कलम ३अ यायचे होते. पण सहापदरीकरणाचा निर्णय मुळात कोणत्या मोजणीवर होतो, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे, आणि क्रमाने पाहता मोजणी आधी आणि जमीन नंतर. म्हणून कलम ३अ पुढे ढकलले आहे.

मोजणीत प्रत्येक वाहनाचे मोटारींत रूपांतर करतात. या एककाला अभियंत्यांच्या बोलण्यात पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी दिलेल्या तक्त्यात मोटार म्हणजे १, दुचाकी म्हणजे अर्धा, ट्रक किंवा बस म्हणजे ३, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर म्हणजे साडेचार. हातगाडी ३ आणि मोठी बैलगाडी ८. बैलगाडी काही आठ मोटारींएवढी लांब नसते. ती चालते सावकाश, तिच्यामागे रांग लागते आणि पुढे जाऊ पाहणारा प्रत्येक जण समोरून येणाऱ्याची जागा खातो. एका वाहनामुळे इतरांचे जेवढे अडते, तेवढे त्याचे वजन.

शहरी रस्त्यांचा तक्ता त्याच वर्षीचा, पण वेगळा. त्यात वाहनाचे मूल्य एकूण वाहतुकीतल्या त्याच्या वाट्यावर बदलते. ट्रक पाच टक्के असतील तर प्रत्येकी २.२, दहा टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर ३.७. रिक्षा १.२ किंवा २, दुचाकी ०.५ किंवा ०.७५. म्हणजे एकच ट्रक ओझरजवळ ३ मोटारींचा आणि नाशिक शहरातल्या द्वारका चौकात ३.७ मोटारींचा असू शकतो. आता पाथर्डी फाटा ते आडगाव नाका हा पट्टा शहरी की बाहेरचा? कागदोपत्री तो राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि त्यावरून ये-जा करणाऱ्याला तो गावातला रस्ता वाटतो. कोणता तक्ता लावला यावरून उत्तर बदलते, आणि प्रकल्प अहवाल वाचताना हे पान आधी उघडावे. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ साली तयार झालेल्या इंडो-एचसीएम या पुस्तिकेत एकच ठरीव मूल्य न लावता वेग आणि वाहनाने व्यापलेली जागा यांवरून ते काढण्याची पद्धत दिली आहे. ती जास्त सयुक्तिक आहे.

शहराबाहेरच्या चौपदरी रस्त्याने दिवसाला ३५,००० पीसीयूपर्यंत वाहतूक बऱ्यापैकी सुरळीत वाहून न्यावी, पक्क्या बाजूपट्ट्या असल्या तर ४०,००० पर्यंत, असे १९९० चा तक्ता सांगतो. त्यापलीकडे रुंदीकरणाचा विचार सुरू होतो. उदाहरणादाखल ८,००० ट्रक आणि बस धरल्या तर त्यांचेच २४,००० पीसीयू झाले. त्यात २,००० ट्रॅक्टर घातले की आणखी ९,०००. मोटारी अजून मोजल्याच नाहीत आणि ३३,००० झाले. म्हणूनच ट्रॅक्टरला बाजूचा सेवा रस्ता देणे हा कित्येकदा मुख्य रस्त्याला एक पदर जोडण्याइतकाच मोठा उपाय ठरतो, आणि स्वस्तही.

मोजणी कधी करायची, याचाही नियम आहे. शहराबाहेरच्या रस्त्यांच्या वाहतूक गणनेसाठी रोड्स काँग्रेसचे १९७२ चे मार्गदर्शन असे : वर्षातून निदान दोनदा, प्रत्येक वेळी सलग सात दिवस, चोवीस तास. एकदा शेतमालाच्या काढणी-विक्रीच्या ऐन हंगामात आणि एकदा मंदीच्या काळात. नाशिकमध्ये गंमत अशी की इथे मंदीचा काळ शोधावा लागतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षे, त्यांना लागून उन्हाळ कांदा, ऑगस्टपासून टोमॅटो, मग लाल कांदा. एका पिकाचा हंगाम पकडून केलेली सात दिवसांची मोजणी दुसऱ्या पिकाची गर्दी दाखवत नाही, कारण द्राक्षाची गाडी बागेतून शीतगृहाकडे जाते आणि टोमॅटोचा ट्रॅक्टर पिंपळगावच्या बाजाराकडे. रस्ता एक असला तरी पिकागणिक गर्दीचे ठिकाण बदलते.

आता गणकांना रस्त्याकडेला बसवून रेघा ओढवण्याची तितकीशी गरज नाही, टोलनाकेच सगळे सांगतात, असा एक समज आहे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर तो आणखी पक्का झाला. नाशिकच्या मुंबईकडच्या अंगाला घोटीचा नाका आणि धुळ्याकडच्या अंगाला पिंपळगावचा. काही तासांच्या अंतराने दोन्ही नाक्यांवर नोंदलेले वाहन बहुधा पारगामी, म्हणजे शहराशी फारसे देणेघेणे नसलेले. एकाच नाक्यावर दिसलेले बहुतेक नाशिकला आलेले किंवा नाशिकहून निघालेले, किंवा द्वारकेला वळून पुणे रस्त्याला लागलेले. इतपत हिशेब चांगला लागतो. पण सिडकोतून पंचवटीत जाणारा माणूस या दोन्ही नाक्यांच्या मध्येच राहतो. शिवाय दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना टोल नाही, म्हणून त्यांचा फास्टॅगही नाही. शहराच्या पट्ट्यात जी वाहने सर्वांत जास्त, तीच या नोंदीत नाहीत.

ही उणीव किरकोळ नाही. आजचा महामार्ग हाच एके काळचा वळणरस्ता आहे. त्याआधीचा आग्रा रस्ता गावातून होळकर पुलावरून पंचवटीत जाई. जुना आग्रा रोड हे नाव अजून टिकून आहे. मग द्वारकेवरून नवा रस्ता निघाला. गोदावरीवरच्या त्याच्या पुलाला मारोतराव कन्नमवारांचे नाव आहे, जे १९६२-६३ मध्ये मुख्यमंत्री होते. पुढे पश्चिमेला सातपूर आणि अंबडच्या वसाहती आल्या, सिडकोने नवीन नाशिक वसवले आणि गावाबाहेरचा रस्ता शहराच्या मधोमध आला. महापालिका १९८२ ची. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजार झाली. वीस वर्षांत दुपटीहून अधिक झालेल्या या लोकांपैकी मोठ्या संख्येला रोज महामार्ग लांबीने नव्हे, आडवा पार करायचा असतो.

पिंपळगाव–नाशिक–गोंदे या ६० किलोमीटरच्या सहापदरीकरणात शहरातून सुमारे सहा किलोमीटरचा उड्डाणपूल झाला आणि २०१३ मध्ये खुला झाला. पारगामी वाहतूक वर गेली, हे काम त्याने चोख केले. खाली मुंबई नाका आणि द्वारका जिथे होते तिथेच राहिले. द्वारकेला आग्रा रस्ता, पुणे रस्ता आणि शहरातले रस्ते एकत्र येतात. तिथल्या पादचाऱ्यांच्या भुयारी मार्गाकडे लोकांनी पाठ फिरवली. वर कितीही पदर वाढवले तरी चौकात प्रत्येक दिशेला मिळणारा हिरव्या दिव्याचा वेळ वाढत नाही. लांबीची मोजणी करून आडव्या वाहतुकीचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी चौकातल्या प्रत्येक वळणाची स्वतंत्र मोजणी लागते, सकाळ-संध्याकाळची, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत.

राहिला सिंहस्थ कुंभमेळा, ज्याच्याशिवाय नाशिकच्या कोणत्याही रस्त्याची चर्चा पुरी होत नाही. १९७२ च्या त्याच मार्गदर्शनात म्हटले आहे की जत्रा किंवा प्रदर्शनासारखा प्रसंग असेल तर मोजणी काही दिवस पुढे ढकलावी. नियम रास्त आहे. रस्त्याची रुंदी वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या तासावरून ठरवतच नाहीत. वर्षाचे ८,७६० तास गर्दीच्या उतरत्या क्रमाने लावून त्यातला तिसावा तास धरण्याची रीत आहे. पहिले २९ तास लोकांनी सोसावेत, कारण तेवढ्यासाठी बांधलेला रस्ता उरलेले वर्षभर रिकामा राहील. नाशिकला २०१५ मध्ये २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर अशा तीन पर्वण्या, म्हणजे शाही स्नानाचे दिवस, झाल्या. त्यांचे मिळून ७२ तास. म्हणजे कागदावर सिंहस्थाच्या वर्षी तिसावा तास पर्वणीतच पडायला हवा. प्रत्यक्षात उलटे घडते. पर्वणीला वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवली जातात, तिथून एसटीच्या बसगाड्या आणि पुढे पायपीट. शहरातल्या रस्त्यावर त्या दिवशी मोटारी कमीच असतात. गर्दी माणसांची असते, आणि पीसीयूच्या तक्त्यात पायी चालणाऱ्या माणसासाठी ओळच नाही.

यातून निघणारा निष्कर्ष बहुतेकांना आवडत नाही : पर्वणीसाठी महामार्ग रुंद करण्यात फारसे हशील नाही. पर्वणीला लागतात ते बाहेरचे वाहनतळ, तिथपर्यंत शहरात न शिरता पोचवणारे रस्ते आणि रामकुंडाकडे जाण्या-येण्याच्या रुंद, वेगवेगळ्या पायवाटा. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला निर्बंध इतके कडक होते की भाविकांना फार लांब चालावे लागले, आणि दुसऱ्या पर्वणीला ते सैल करावे लागले. हा धडा रस्त्याच्या रुंदीचा नव्हता, वाहनतळाच्या अंतराचा होता. २०२७ साठी आखलेला परिक्रमा मार्गही याच मापाने तपासावा : तो पारगामी ट्रकला किती उपयोगी आहे आणि वाहनतळांना किती.

सिंहस्थाचा महामार्गाशी खरा संबंध आहे तो निधीचा आणि मुदतीचा. बारा वर्षांनी पैसा येतो आणि कामे तेव्हाच उरकतात. वाहतूक वर्षाला सहा टक्के वाढते असे धरले, तर बरोबर बारा वर्षांत ती दुप्पट होते. साडेसात टक्के धरले तर दहा वर्षांतच. म्हणजे एका सिंहस्थात आजच्या गरजेपुरता बांधलेला चौक पुढच्या सिंहस्थाला दुप्पट भार घेऊन उभा असतो. म्हणून सिंहस्थाच्या निधीतून काम करतानाही मोजणी सिंहस्थ नसलेल्या वर्षाची हवी, निदान दोन हंगामांतली, चौकातल्या वळणांसह, आणि आकडे पुढच्या पर्वणीच्या सालापर्यंत वाढवून पाहिलेले.

या आकड्यांवरून आखणी पक्की झाली की सातबाऱ्यावरचे गट क्रमांक राजपत्रात येतात. ते कलम ३अ, आणि त्यानंतर हरकतींसाठी मिळणारे २१ दिवस, पुढील भागात.