आजोबांचा ट्रक कोसबाडला आणताना: जुनी गाडी घरी आणायची तर काय काय बघायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. मागे मी बोलता बोलता सांगितलं होतं की आम्ही आजोबांचा जुना ट्रक घरी आणतोय. त्यावर तुमचे प्रश्न आले: चालवत आणला का? कागदपत्रांचं काय? व्हिंटेज नंबर मिळाला का? तर आज सगळं क्रमाने सांगतो.

आमचं घर कोसबाडला, डहाणू तालुक्यात. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांच्या बालवाड्यांमुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आजोबा इथून ट्रकने माल न्यायचे. हंगामात गवताच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांकडे, एरवी चिकूच्या पेट्या. ट्रक १९६६ चा, टाटा मर्सिडीज. पुढे लांब बॉनेट आणि त्यावर तो तीन टोकांचा तारा.

मर्सिडीज म्हटलं की आपल्याला शेठजींची कार आठवते ना? पण १९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला आणि टाटांचं स्वतःचं चिन्ह आलं. त्यामुळे तारा असलेला टाटा ट्रक दिसला, की तो साधारण त्या १५ वर्षांतला समजायचा.

आजोबांनी १९८४ मध्ये तो विकला, आत्याच्या लग्नासाठी. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नसे. यंदा बाबांना कळलं की ट्रक नाशिकजवळ एका मळ्यात उभा आहे. मालक भंगारात द्यायच्या विचारात होते. बाबा, काका, मी असे निघालो, तर आत्या आधीच गाडीत येऊन बसलेली. म्हणाली, "माझ्यामुळे गेला, मीच आणणार."

आधी कागद, मग ट्रक

मळ्यात पोचल्यावर बाबा थेट स्टिअरिंगला हात लावायला गेले. आत्याने मात्र आरसी बुक मागितलं. तिचंच बरोबर होतं. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर शोधायचे, कापडाने पुसायचे आणि पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडून बघायचे. नंबर जुळत नसतील तर पैसे द्यायचे नाहीत. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. त्यावर विकणाऱ्याच्या सह्या तिथेच घ्या, पुन्हा दीडशे किलोमीटर कोण जाणार?

चालवत का नाही आणला?

बाबांचं स्वप्न तेच होतं. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत स्वतः चालवत यायचं. दोन कारणांनी ते जमणार नव्हतं.

पहिलं कायद्याचं. मालवाहू गाडीला फिटनेस सर्टिफिकेट नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार तिची नोंदणी वैध धरली जात नाही. म्हणजे आरसी हातात असूनही रस्त्यावर चालवता येत नाही.

दुसरं यंत्राचं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेकचे रबर कडक होतात, टायरला आतून चिरा जातात, डिझेलच्या टाकीत गंज साचतो. इंजिन सुरू होईलही, पण तोरंगण घाटाच्या उतारावर ब्रेक लागला नाही तर? आणि हो, अशा इंजिनाला लगेच स्टार्टर मारू नका. आत पिस्टन चिकटलेले असू शकतात. आधी सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून ते मुरू द्यायचं, मग इंजिन हाताने फिरवून बघायचं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ट्रेलर बोलवा."

लो-बेड ट्रेलर आला. विंचने ट्रक वर ओढला, चाकांना ओट लावले, चारही कोपऱ्यांतून साखळ्या बांधल्या. साखळी बंपरला नाही, अ‍ॅक्सलला बांधायची. बंपर उपटून येतो. निघण्याआधी ट्रेलरसकट उंची मोजली, कारण गावातल्या खाली आलेल्या तारा कुणाची वाट बघत नाहीत. मोखाड्याला थांबून साखळ्या पुन्हा ताणल्या. पहिल्या काही किलोमीटरनंतर त्या हमखास सैल होतात. पुढे कासा, चारोटी, आशागड करत अंधार पडता पडता घरी.

आणि व्हिंटेज नंबर?

इथेच आमची निराशा झाली. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी असेल, तर नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच काढायची. आमचा ट्रक वयात बसतो, रूपातही बसतो. पण हे नियम दुचाकी आणि प्रवासी कार यांच्यासाठीच आहेत. मालवाहू ट्रक त्यात नाही.

मला हे खटकलं. संस्थानिकांची कार वारसा ठरते आणि गवत, चिकू, सिमेंट वाहून ज्याने गावं शहरांना जोडली, तो ट्रक मात्र भंगार? नियम करताना रॅलीत दिसणाऱ्या गाड्याच डोळ्यांसमोर असणार. पण तुमच्या गावातही असा एखादा ट्रक, ट्रॅक्टर उभा असेल. तो भंगारात जायच्या आधी निदान फोटो काढा, नंबर लिहून ठेवा, चालवणाऱ्याशी बोलून ते फोनवर रेकॉर्ड करा.

आमचा ट्रक सध्या अंगणात आहे, रस्त्यावर येणार नाही. समुद्र जवळ, हवा खारी, त्यामुळे पावसाळ्याआधी वर पत्रे टाकायचेत आणि चाकांखाली ठोकळे द्यायचेत. ताडपत्री थेट पत्र्यावर टाकायची नाही, आत ओल धरते.

त्या रात्री आजी कंदील... सॉरी, मोबाईलचा टॉर्च घेऊन बाहेर आली. केबिनचं दार तिने एका झटक्यात उघडलं. आम्हा तिघांना ते दुपारपासून उघडत नव्हतं. म्हणाली, "वर उचलून ओढायचं असतं रे."

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!